तानुआत्याचे तीन दगड

आमच्या अंगणात तुळशीच्या उजव्या अंगाला तीन दगड आहेत. काळेठिक्कर, आतल्या बाजूनं धुरानं माखलेले. घरात गॅस आहे, टाइल्सचा ओटा आहे, मागच्या पडवीत आईची मातीची चूलही आहे. तरी हे दगड दारातच. पाहुणे येतात, चहा पिता पिता बोट दाखवून म्हणतात, "अपेक्षा, हे कामून ठेवलं गं असं? उचलून टाका की, अंगण कसं साफ दिसंल." मी म्हणते, उचला. खुशाल उचला. फक्त आत्या शाळेतून यायच्या आत उचला म्हणजे झालं. मग पाहुणे हसतात आणि गुमान चहा संपवतात.

आत्या म्हणजे तानुबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. मानवतला जाणाऱ्या एसटीत एखादी किडकिडीत बाई कंडक्टरला "पुढं सरका म्हणतोस, सरकू कुठं, डायवरच्या मांडीवर?" असं विचारताना दिसली, तर तीच समजा. गावच्या शाळेत ती खिचडी शिजवते. सकाळी पातेलं चढवलं की दुपारपर्यंत तिचा आवाज पार ग्रामपंचायतीपर्यंत ऐकू येतो. पोरं तिला भितात आणि तिच्याच भोवती घुटमळतात.

आत्याचं लग्न पालमच्या बाजूला झालं होतं. मोठं घर, गडीमाणसं बक्कळ. त्या घरात जेवायची एक रीत होती. आधी गडी, मग लेकरं, मग सासू, मग सुना, त्याही थोरलीपासून धाकटीपर्यंत. आत्या सगळ्यांत धाकटी. तिची पाळी यायची तेव्हा टोपल्याच्या तळाला गार, वातड भाकर आणि भाजीचं नुसतं पाणी. दिवसभर कापूस वेचायचा, आल्यावर चुलीपुढं बसून ढीगभर भाकऱ्या थापायच्या, आणि स्वतः थापलेली गरम भाकर स्वतःच्या तोंडात कधी नाही. एक दिवस तिनं तव्यावरची पहिली भाकर उतरवली, वर ठेचा ठेवला आणि चुलीपुढंच बसून खाल्ली. सासूनं घर डोक्यावर घेतलं, "गडी उपाशी अन् ही भवानी जेवायली!" आत्यानं तिच्याकडं बघत दुसरी भाकर उतरवली आणि तीही खाल्ली.

त्यावरून तिला सोडलं. लोकांना हे खरं वाटत नाही. काही तरी दुसरं असणार म्हणून खोदून खोदून विचारतात. दुसरं काही नव्हतं हो. भूक लागली होती आणि खाल्लं, एवढाच गुन्हा.

लग्नात दिलेली, पीठ मळायची लाकडी काठवट काखेत मारून ती एसटीनं माहेरी आली. माझे आजोबा, म्हणजे माणिकराव, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दारात उभे होते. लेक अशी भरदुपारी एकटी, काखेत काठवट घेऊन. दुसरा बाप असता तर काय काय विचारलं असतं. आबांनी एवढंच विचारलं, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली. आबा आत वळून आजीला म्हणाले, "चूल पेटव." पुढं आयुष्यात त्यांनी तिला दुसरा प्रश्न केला नाही. आत्या कधी रडत नाही, पण हे सांगताना ती चुलीतलं लाकूड उगाच पुढंमागं करते.

तेव्हापासून ती इथंच. पण माहेर असलं तरी आजीनंतर घरची चूल माझ्या आईची, शुभदाची. सून घरात आली की लेकीनं चुलीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, अशी आमच्याकडची पद्धत. आत्या एवढी तोंडाची फटकळ, पण ही रीत तिनं कधी मोडली नाही. रोज संध्याकाळी उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "वैनी, भाकऱ्या टाकू का?" आई म्हणायची, "टाका की वन्सं, विचारता कशाला?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता मुद्द्यावर येते. माझे वडील किशनराव, आमचे दादा, यांना पोटाचा जुना त्रास. खाल्लेलं पचत नव्हतं, झोप नव्हती, सगळे दवाखाने करून बेजार झाले होते. कुणीतरी त्यांना सेलूकडच्या एका शिबिराला नेलं. तिथले गुरुजी म्हणे सगळं कच्चं खायला लावत. दादा परत आले ते तरतरीत होऊन. खोटं कशाला बोलू, त्यांना बरं वाटलं होतं. चेहऱ्यावर तजेला, चाल हलकी. इथवर कुणाची काहीच तक्रार नव्हती.

पण आल्या आल्या त्यांनी हातपाय धुवायच्या आधी फर्मान काढलं. "आजपासून या घरात शिजवायचं न्हाई. जगात शिजवून खाणारं जनावर एकच, अन् दवाखान्याच्या पायऱ्या चढणारं जनावरबी एकच. माणूस!" हे वाक्य गुरुजींचं होतं, दादांचं एवढं डोकं चालत नाही. गॅसची टाकी त्यांनी मोटारसायकलवर बांधली आणि मानवतला मावसभावाकडं ठेवून आले. मग मागच्या पडवीत गेले आणि पेटत्या चुलीत घागरभर पाणी ओतलं.

आई मटकन खाली बसली. आमच्याकडं चुलीत कुणी पाणी ओतत नाही. संध्याकाळी विस्तव राखेखाली झाकायचा, सकाळी उकरून फुंकायचा, घर चालतं तोवर चूल चालती ठेवायची. पाणी ओतल्यावर फस्सकन राख उडाली ती सगळी आईच्या अंगावर. पण नवऱ्यापुढं ती बोलली नाही.

मी बोलले. परभणीला कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकते, परीक्षा संपवून नुकतीच घरी आले होते. म्हटलं, दादा, तुमच्या गुरुजींना म्हणावं, तेच तर माणसाचं वेगळेपण आहे. काही शास्त्रज्ञ सांगतात, आपल्या पूर्वजांनी विस्तवावर शिजवायला सुरुवात केली तिथून माणूस घडला. चिंपांझी बिचारा अर्धा दिवस नुसता चावत बसतो. शिजलेलं मऊ असतं, लवकर पचतं. म्हणून आपले दात लहान झाले, जबडा बारीक झाला, आतडं आखूड झालं, आणि पोटाची वाचलेली ताकद डोक्याला मिळाली. सगळ्याच शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, तेही सांगितलं. पण विस्तव आला की माणसं भोवती बसायला लागली, शिजेपर्यंत थांबायला शिकली, कुणाला किती द्यायचं ते ठरवायला लागली, यात काय खोटं आहे?

दादा म्हणाले, "म्हंजे कालिजात तुमाला माकडाची लेकरं म्हणून शिकवतेत. अन् त्याची फी आमी भरताव."

आत्या खांबाला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, "अपे, डोकं मोठं झालं म्हणतीस. कुणाचं झालं गं? खाणाऱ्याचंच का शिजवणारीचंबी?"

"दोघांचंही, आत्या."

"मग किश्याचं कामून ऱ्हायलं?"

मी फिस्सकन हसले आणि दादा भडकले. त्या दिवसापासून आमच्या घरात कच्च्याचं राज्य सुरू झालं. मोड आलेले मूग, भिजवलेले शेंगदाणे, किसलेला कोबी, दुधी भोपळ्याचा हिरवागार रस. दूध बंद, कारण ते वासराचं. थंडीचे दिवस, आंघोळीलाही गार पाणी. दादा स्वतः किसणी घेऊन बसायचे, हे कबूल करायला पाहिजे. मन लावून किसायचे आणि प्रत्येकाच्या ताटात प्रेमानं वाढायचे. मी तरुण, मला काय, चावलं कसंतरी. आईनं पोटाला फडकं बांधून दिवस काढले. आत्या खिचडीचं पातेलं घासून यायची आणि मूठभर शेंगदाणे खाऊन झोपायची. शाळेच्या पातेल्यातला घास ती कधी घरी आणत नाही, लेकरांचं ते लेकरांचं.

हाल झाले ते आबांचे.

आबांच्या तोंडात एक दात नाही. कवळी केली होती, ती टोचते म्हणून डब्यात पडून आहे. वय झालेलं, पण ताठ माणूस. सकाळी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, संध्याकाळी भाकर वरणात कुस्करून, एवढ्यावर ते खणखणीत होते. आता त्यांच्यापुढं मोडाच्या मुगाची वाटी. आबा एक मूग तोंडात घ्यायचे, हिरड्यांनी इकडून तिकडं लोळवायचे, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून उपरण्यात काढून ठेवायचे. मी उपरणं धुवायला घेतलं तेव्हा त्यातून मूग गळले. मला रडूच आलं. आणि राग तर असा आला की किसणी उचलून आडात टाकावी.

दादांना सांगितलं. ते म्हणाले, "सुरुवातीला जड जातं. शरीर साफ होतंय. आबाला शंभर वर्षं जगवतो का न्हाई बघ." आणि ते मनापासून म्हणत होते, हीच तर आफत. वाईट माणसाशी भांडता येतं. बापावर जीव टाकणाऱ्या लेकाशी भांडायचं कसं?

आत्यानं शाळेच्या चुलीवर घरच्या कण्या शिजवल्या आणि वाटी पदराखाली झाकून आणली. आबांनी पदराकडं बघितलं. वास त्यांनाही आला असणार. म्हणाले, "तानू, पदराखालचं नगं. माझ्याच घरात मी चोरून खाऊ? चोर हाय का मी?" आत्यानं हात जोडले, आईनं विनवलं. आबा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. घराचा कारभार आता लेकाच्या हातात, आणि लेकाला दुखवायचं नाही हा त्यांचा हट्ट. अंगावरचा सदरा बांबूला अडकवल्यासारखा दिसायला लागला. एक दिवस न्हाणीत उठता उठता पडले. दादांनी त्यांना उचलून आणलं आणि दुधीचा रस वाढवला.

अशात ते झालं. सकाळची वेळ, आबा अंगणात बाजेवर उन्हाला बसलेले, बाजूला दादा गाजर किसत होते. फाटकातून शेजारच्या चन्नबसम्माकाकू आल्या. डोक्यावर टोपलं, वर फडकं झाकलेलं, डोळे रडून लाल. टोपलं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून त्यांनी हंबरडाच फोडला, "आग्गं माय शुभदा! कवा गेलं गं म्हातारं? आमाला कळवायचं तरी!"

आमच्या गावात कुणाच्या घरी मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाकर-पिठलं घेऊन येतात. काकूंनी आमच्या घरातून धूर दिसंना, भाकरी थापल्याचा आवाज येईना, हे बघितलं होतं. आबा बाहेर फिरताना दिसत नव्हते. बिचारीनं सरळ हिशेब लावला आणि मयताच्या घरचं जेवण घेऊन आली.

बाजेवरून आबा म्हणाले, "चन्नबसम्मा, मी हाय आजून."

काकूंनी पदर काढून बघितलं आणि दोन्ही हात तोंडावर मारून घेतले. मला हसावं की रडावं कळंना. "शिवा शिवा! आवं, मग चूल कामून बंद ठेवलाव? जित्या माणसाच्या घरात आसं करतेत का?"

कुणी काही बोलायच्या आत आबांचा हात पुढं झाला. टोपलं समोरच होतं, फडकं सरकलं होतं, आत भाकरी आणि वाफाळतं पिठलं. हे पदराखालचं नव्हतं. दिवसाढवळ्या दारातून आलेलं होतं. आबांचा हात टोपल्यापर्यंत पोचला.

"आबा, न्हाई!" दादांनी टोपलं उचललं. "जित्या माणसानं सुतकाचं खायचं आसतंय का? काकू, घेऊन जावा ते."

आबांनी हात मागं घेतला. मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं झाकला. जसं काही तो हात चुकून दुसऱ्याच कुणाचा पुढं झाला होता.

आत्या शाळेला निघाली होती. फाटकात उभी राहून तिनं हे सगळं बघितलं. शाळेत निरोप पाठवला, आज खिचडीला दुसऱ्या बाईला उभं करा म्हणून. पदर खोचला. गोठ्यामागं गेली आणि एक दगड पोटाशी धरून घेऊन आली. तुळशीपाशी ठेवला. दुसरा आणला. तिसरा आणला. काकूंच्या घरी गेली आणि खापरावर विस्तव मागून घेऊन आली, भर रस्त्यानं, खापर हातात उंच धरून, सगळ्या आळीनं बघावं असं. तीन दगडांत तुराट्या सारल्या, विस्तव ठेवला आणि फुंकलं. जाळ लागला.

हे बाहेरगावच्या माणसाला समजायचं नाही. त्याला काय, आग पेटवली, एवढंच वाटेल. पण आमच्याकडं एका अंगणात दुसरी चूल मांडली म्हणजे घर फुटलं. त्याला दुसरा अर्थच नाही. भाऊ भाऊ वेगळे निघतात तेव्हा कागद नंतर होतात, आधी चूल वेगळी होते. आणि इथं तर भाऊही नाही, बहीण! भावाच्या अंगणात बहिणीनं चूल मांडली याचा गावात एकच अर्थ, तानुबाईनं वाटणी मागितली.

बातमी वाऱ्यावर गेली. भिंतीवरून डोकी वर आली. भावकीतले थोरले पंडितकाका चपला उलट्यासुलट्या घालून धावत आले. दादांच्या हातातली किसणी तशीच राहिली होती.

"आक्का, काय करायलीस? ध्यानात येतंय का तुला?" दादा किसणीसकट पुढं आले.

"कण्या शिजवायली. दिसंना का?"

पंडितकाका म्हणाले, "तानुबाई, वाटणी पाहिजे आसंल तर चार माणसांत सरळ बोल. आसा तमाशा बरा न्हाई."

आत्या उठली. हातात फुंकणी होती ती तिनं त्यांच्याकडं रोखली. "काका, तुमी थोरले हाव, म्हणून आइकून घेती. जमिनीत माझाबी हक्क हाय. कायद्यानं हाय, मला ठाव हाय. ज्या दिवशी मागायचा त्या दिवशी तुमच्या तोंडावर मागंन, तीन दगडाच्या आडून न्हाई मागणार. आज मला वाटणी नगं. आज मला माझा बाप जेवलेला बघायचाय. त्याला दात न्हाईत. तुमाला हायत, म्हणून तुमी बोलताव."

"आक्का, मी काय आबाचा दुश्मन हाय का?" दादा रडकुंडीला आले होते.

"न्हाईस रे. दुश्मन आसतास तर तुला कवाच फुंकणीनं हाणला आसता. तू कच्चं खा, गवत खा, तुला गुण आला, मला आनंद हाय. पर तुझं पोट म्हंजे सगळ्याचं पोट न्हाई. दात न आलेलं लेकरू अन् दात पडलेलं म्हातारं, यांच्यापायीच कुण्या बाईनं पहिल्यांदा चूल मांडली आसंल. तिला कुणी इचारलं का, वाटणी मागायलीस का म्हणून?"

भिंतीपलीकडून चन्नबसम्माकाकू ओरडल्या, "बराबर हाय!" पंडितकाकांनी तिकडं डोळे वटारले, पण काकू काही खाली बसल्या नाहीत.

मग पंडितकाकांनी शेवटचा डाव टाकला. घर फुटलं की थोरल्या माणसाला विचारतात, तुमी कुणाच्या चुलीला? तो ज्या चुलीवर जेवेल ते त्याचं घर. काकांना खात्री होती. लेकीच्या चुलीवर बाप जेवला की लेकाचं नाक कापलं, असं मानणारं आमचं गाव. आबांसारखा मानी माणूस तर मरेल पण तिकडं जाणार नाही. काका बाजेपुढं उभे राहिले. "माणिकराव, दोन चुली झाल्या. तुमी बोला आता. लेकाच्या का लेकीच्या?"

पातेल्यात कण्या रटरट करत होत्या, तेवढाच आवाज. आत्या वर बघत नव्हती. ती जाळ आत सारत होती. आबा नाही म्हणाले असते तर तिचं काय राहिलं असतं सांगा? भावाचं घर तुटलं, गावात तोंड काळं, आणि बाप पुन्हा मुगाच्या वाटीपुढं. मी देवाला म्हटलं, बाबा रे, एकदा त्यांना उठव.

आबांनी काठी चाचपली. मी धरायला गेले तर मला बाजूला केलं. बाजेवरून उठले, थांबले, पुन्हा निघाले. दादांच्या समोरून जाताना त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी की मायेनं, देव जाणे. तुळशीपाशी आले आणि काठी आडवी ठेवून तीन दगडांपुढं मांडी घालून बसले. आत्यानं ताटलीत कण्या वाढल्या, वर काकूंकडून मागून आणलेलं ताक घातलं. आबांनी विचारलं.

"तानू, तू जेवलीस का?"

ती नाही म्हणाली. हुंदका देऊन नाही म्हणाली. मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. आबांनी ताटली दोघांच्या मधी सरकवली. बाप आणि लेक एका ताटात जेवले, भर अंगणात, सगळ्या गावाच्या नाकावर टिच्चून. पंडितकाका चपला सरळ करून घालत निघून गेले.

आणि मग आमची आई उठली. नवऱ्यापुढं जिनं कधी मान वर केली नाही ती आई आत गेली, पिठाचा डबा घेतला, आत्याची ती जुनी काठवट घेतली आणि अंगणात आली. दादांच्या अगदी जवळून गेली. तीन दगडांपुढं उभी राहून तिनं विचारलं, "वन्सं, भाकऱ्या टाकू का?"

आत्यानं पदरानं नाक पुसलं. "टाका की वैनी. इचारता कशाला?"

मी कुठल्या चुलीला गेले ते सांगायला नको. दादा एकटे ओसरीवर बसून गाजर खात होते. कडाकडा आवाज येत होता.

पुढं चार-दोन दिवस असंच चाललं. आबा सकाळ-संध्याकाळ दगडांपाशी जेवायचे, काठी टेकत अंगणात फिरायला लागले, मग आळीत. गावात बोलणारे बोलले. आत्या नळावर पाणी भरताना मोठ्यानं सांगायची, "हाव, जेवला माझा बाप माझ्या चुलीवर. उद्याबी जेवणार हाय. या बघायला." दादा कुणाशी बोलत नव्हते. आमचं कोंडाळं जाळाभोवती बसायचं, आईला सुद्धा हसू यायला लागलं होतं, आणि ते ओसरीवरून बघत राहायचे. मला त्यांचा राग होता, पण एवढ्या थंडीत एकटा माणूस गार काकडी खाताना बघवत नाही हो.

एका संध्याकाळी ते उठून आले. आत्याच्या मागं उभे राहिले. म्हणाले, "आक्का, लोक लय बोलायलेत. मानवतहून टाकी आणतो. तुमी शिजवा, आबाला काय पाहिजे ते घाला. माझं मी कच्चं खाईन. पर ही चूल मोड."

"न्हाई मोडणार."

"आता कामून?"

"उद्या तू आजून कुठल्या शिबिराला जाशील. मातीच्या चुलीत पाणी ओततोस, टाकी उचलून नेतोस. हे दगड ऱ्हाऊ दे अंगणात. सगळ्याला दिसूं दे." मग तिनं फुंकणी त्यांच्या हातात दिली. "चुलीत पाणी वतायला तुला एक घागर लागली. आता बस अन् पेटवून दाव. आबाची आजची भाकर तू करायची."

दादांनी आईकडं बघितलं. आई तुराट्या मोडत होती, तिनं वर बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं, मी काठवट पुढं सरकवली. शेवटी त्यांनी धोतर आवरलं आणि बसले. फुंकताना धूर डोळ्यांत गेला, खोकले, पाणी आलं, पुन्हा फुंकलं. जाळ काही धरंना. आत्या तोंडानं सांगत होती, हात लावत नव्हती. मग एकदाचा धरला. पीठ मळताना पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं. भाकर थापली ती एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला चिरलेली. तव्यावर टाकताना बोट भाजलं आणि दादा "आई गं" म्हणून ओरडले, तेव्हा आई पदराआड हसली. वरून पाणी फिरवलं, उलथली, आणि घाईनं उचलून आबांच्या ताटलीत ठेवली.

आबांनी तुकडा मोडला. वरणात कुस्करला. तोंडात घेऊन हिरड्यांनी लोळवला. आम्ही सगळे बघत होतो, दादा तर श्वास धरून. आबा इतक्या दिवसांत दादांना एका शब्दानं बोलले नव्हते, ना रागाचं, ना लोभाचं.

आबांनी ताटली लेकापुढं सरकवली.

"कच्ची हाय," ते म्हणाले. "पुन्हा भाज."

दादांनी मुकाट्यानं भाकर उचलली आणि विस्तवाला लावली.